फरशी वाळेपर्यंत

उजेड

उजेडापासून सुरुवात केलेली बरी, असं प्रीतमला वाटलं होतं. उजेडावरून कोण कशाला वाद घालेल?

"वरून पांढरा दणदणीत एलईडी मारू," गिरिधर म्हणाला. गिरिधर म्हणजे इंटिरिअरचा ठेकेदार, प्रीतमची बायको मेघा ज्या शाळेत शिकवते तिथल्या एका बाईंच्या ओळखीचा. "स्टेडियम दिसलं पाहिजे. सुई पडली तं सापडली पाहिजे."

"माणसं झोपतात इथं."

"गॅरेजमध्ये?"

"वर्षातून दोन-तीन दिवस. गावाकडची."

गिरिधरनं आजूबाजूला पाहिलं. एका कोपऱ्यात कूलरचा सांगाडा, रंगाचे वाळलेले डबे, मोडका पाळणा. मधोमध नवी कोरी, विजेवर चालणारी, चंदेरी गाडी. गाडीखाली कोबा ठिकठिकाणी उखडलेला. मग त्याच्या लक्षात आलं.

"अच्छा, दीक्षाभूमीवाले! मंग पिवळा लावू ना, भाऊ. हॉटेलात राह्यते तसा. पाहुणे खुश."

प्रीतमनं फोनमध्ये लिहिलं, उजेड पिवळा. मग त्याला वाटलं, पिवळ्या उजेडात म्हाताऱ्या माणसांना पिशवीतल्या गोळ्या ओळखता येतील का? त्यानं लिहिलं, उजेड दोन प्रकारचा. मग वाटलं, रात्री एखाद्याला बटण सापडलं नाही तर? बटणावर बारका लाल दिवा. दाराशी एक, आत एक. मोबाईल चार्जिंगला खाली बोर्ड. नको, खाली नको, लहान पोरं बोटं घालतात. कमरेइतक्या उंचीवर.

"तुम्ही फार विचार करता," गिरिधर म्हणाला.

हे प्रीतमला मिहानमधल्या ऑफिसातही सगळे सांगत. गॅस बंद केला का हे पाहायला तो अर्ध्या रस्त्यातून परत आलेला माणूस होता. पण या गॅरेजचा विचार करणं त्याला भाग होतं. त्याच्या बाबांनी हे गॅरेज बांधलं तेव्हा घरात स्कूटरसुद्धा नव्हती. बाबा पोस्टात, जन्मभर सायकलवर. अजनीच्या पलीकडे लेआऊटमध्ये प्लॉट घेतला, मागं दोन खोल्या काढल्या आणि पुढं त्या दोन खोल्यांपेक्षा मोठं गॅरेज. मिस्त्रीनं विचारलं, कोणती गाडी घेऊन राहिले, साहेब? बाबा म्हणाले, येईल. आली ती माणसं. पुसदकडच्या त्यांच्या गावची. दरवर्षी दसऱ्याला धम्मचक्र प्रवर्तनासाठी सतरंज्या, वळकट्या, पिठाचे डबे घेऊन यायची. गॅरेजात उतरायची, तिथंच स्टोव्ह पेटवायची, गायची, भांडायची, झोपायची आणि सकाळी पांढरे कपडे घालून रांगेनं दीक्षाभूमीकडे चालू लागायची. प्रीतम लहान असताना त्यांच्यातच लोळायचा.

आता बाबा नव्हते. वर मजला चढला होता. गाडी आली होती. कोब्याची धूळ गाडीवर बसायची आणि गाडीचं तेज पाहून त्या कोब्याची लाज वाटायची.

लाज कशाची, हे त्यानं फोनमध्ये लिहिलं नाही.


मांडणी

मांडणीचा वाद कळमेश्वरहून आला. प्रीतमची बहीण मोनाली तिथं बाळंत झाली होती आणि आई, इंदूबाई, तिच्याकडे गेलेली होती. प्रीतमनं आराखडा पाठवला. भिंतीभर लोखंडी रॅक, खाली हवा भरायचा पंप नि अवजारं, मध्ये गाडीचं सामान, वर पाहुण्यांच्या पिशव्या. अर्ध्या तासानं आईचा फोन आला. मागं बाळ रडत होतं.

"हे रॅक किती बाहेर येते?"

"दीड फूट असेल."

"मंग देवरावचे पाय कुठी जातीन?"

देवरावकाका म्हणजे बाबांचे गावातले जोडीदार. ताडासारखे उंच. दरवर्षी त्याच भिंतीशी झोपायचे आणि रात्री पाय सोडले की दारापर्यंत पोचायचे. आई गॅरेज फुटांत मोजतच नव्हती. ती डोळे मिटून माणसं आडवी करत होती. या भिंतीला बाया, त्या भिंतीला बुढे, मधात पोट्टे.

"आई, काका तिरपे झोपतील."

"तिरपे झोपले तं भीमामावशीच्या अंगावर जातीन. तिच्या गुडघ्याले लागलं तं अख्खं गाव उठवते ते."

प्रीतमनं रॅक भिंतीवरून उचलून छताखाली टांगलं. आराखड्यात. माणसांच्या डोक्यावर सामान. पडलं तर? त्यानं गिरिधरला विचारलं.

"हत्ती टांगा," गिरिधर म्हणाला.

"पण कधीपर्यंत होईल?"

"तुमाले कधी पाहिजे?"

"चौदा ऑक्टोबरच्या आत."

"आरामात. कोब्यात ओल आहे थोडी, ते सुकू द्या. सप्टेंबर सरता सरता फरशी मारतो. मंग हप्ताभर पाय नाही ठेवायचा, बस. चौदाले नाचा तिच्यावर."

प्रीतमनं फोनच्या कॅलेंडरात चौदा ऑक्टोबरला खूण केली आणि त्याला बऱ्याच दिवसांनी जरा बरं वाटलं. धम्मदीक्षेची ही तारीख त्याला स्वतःच्या वाढदिवसाच्या आधी पाठ झाली होती. शाळेत गुरुजींनी विचारली, घरात बाबांनी विचारली, वस्तीतल्या वक्तृत्व स्पर्धेत त्यानं ती दोन्ही हात वर करून सांगितली होती आणि स्टीलची ताटली मिळवली होती. आईलाही फोनवर त्यानं सांगितलं, चौदाच्या आत होऊन जाते. आई म्हणाली, हो रे बाबा, त्याच्या आत झालंच पाहिजे.

कोणालाच काही खटकलं नाही.


फरशी

फरशीसाठी त्यानं खूप वाचलं. पार्किंगच्या खडबडीत टाइल्स झोपायला टोचतात. ग्रॅनाइट पायाला थंड लागतं. चकचकीत फरशीवर म्हातारं माणूस ओल्या पायानं आलं की गेलं. शेवटी इपॉक्सी ठरलं, म्हणजे कोब्यावर मारायचा, मग कडक होणारा रसायनाचा लेप. दुधात भिजवलेल्या राखेसारखा रंग, वर बारीक वाळूचा हात, म्हणजे घसरायला नको. गाडीच्या चाकांचा चिखल लागला तरी पुसला जाणारा. गाडीसाठी उत्तम, माणसांसाठी उत्तम. हे वाक्य त्यानं मेघाला दोनदा ऐकवलं.

"दोघांसाठी सारखंच उत्तम असते का काही?" मेघा म्हणाली आणि वह्या तपासायला बसली.

सामान निघालं. कोबा घासला. धूळ इतकी उडाली की समोरच्या घरानं दारं लावून घेतली. पहिला हात बसला, दुसरा बसला. सगळ्या घरात असा उग्र वास भरला की डाळीलाही तोच वास यायला लागला. शेवटचा हात मारून गिरिधर उलट्या पावलांनी बाहेर आला, शटरच्या तोंडाशी दोरी बांधली आणि म्हणाला, "आता मांजरही जाऊ देऊ नका. पाय ठेवला तं माझी जिम्मेदारी नाही."

प्रीतम दोरीबाहेर उभा राहून पाहत होता. इतकी गुळगुळीत, इतकी सपाट गोष्ट या घरात पहिल्यांदाच होत होती. बाबांनी पाहिली असती तर

फोन वाजला.


फरशी (पाय न ठेवता)

"जय भीम गा, प्रीतम!"

"जय भीम, काका! कसे आहात?"

"टकाटक. परवा दुपारून पोचतो आमी."

"परवा?"

"हो. मंग? आदल्या दिवशीच येतो ना दरसाली."

"परवा म्हणजे... कशाच्या आदल्या दिवशी?"

पलीकडे फोन तोंडापासून लांब गेला. मग देवरावकाका कोणाला तरी म्हणाले, "अवं, हा इचारून राहिला, कशाच्या आदल्या दिवशी!" मागं हसणं झालं. बरीच माणसं होती.

"दसऱ्याच्या गा, बाबू. तुमच्या नागपुरात दसरा येऊन नाही राहिला का यंदा?"

प्रीतमनं समोर पाहिलं. समोरच्या गल्लीत देवीचा मांडव होता. रोज संध्याकाळी तिथं गरब्याची गाणी लागत होती. वर्धा रोडवर निळे झेंडे लागलेले त्यानं ऑफिसला जाताना पाहिले होते आणि यंदा तयारी लवकर सुरू झाली असं त्याला वाटलं होतं. दसऱ्याला गाडीला हार घालायचा हेसुद्धा त्याच्या डोक्यात होतं. मागच्या वर्षी दसरा आणि चौदा तारीख जवळजवळ आले होते, त्याच्या मागच्या वर्षी तयारी आईनंच केली होती. यंदा दसरा महिन्याच्या सुरुवातीलाच होता आणि माणसं दसऱ्याला येतात, हे त्याला कळायला लागलं त्या वयापासून माहीत होतं. माहीत असून त्यानं पाठ असलेली तारीख लिहिली.

"हो हो," तो म्हणाला. "या ना. वाट पाहतो."

"यंदा जरा जास्त आहो. चालते ना?"

"चालते ना काका, काहून नाही."

"थांब, भीमाबाई बोलते म्हणते."

भीमाआजी, आईची भीमामावशी, फोन तोंडाजवळ नेत नसे, ओरडायची. "पोरा! डागदर नको म्हनते, पन मी येऊन राहिली! गुडघे राहो का जावो!"

"या, आजी."

फोन बंद झाला. दोरीपलीकडे फरशी ओली, शांत, राखाडी. तिच्यात वरच्या बल्बचं प्रतिबिंब पडलं होतं.


मांडणी (सुधारित)

समाजभवनात? तिथं भोजनदानवाल्यांचा मुक्काम. शाळेत? मेघाच्या शाळेच्या वर्गांत परीक्षेचे बाक. मंगल कार्यालयात? फोनवरचा माणूस हसला. "दसऱ्याले? नागपुरात? साहेब, कोठून बोलून राहिले?" गच्चीवर? गच्चीवर सौर पॅनल, गाडीच्या चार्जिंगसाठी, या टोकापासून त्या टोकापर्यंत, ते त्यानंच बसवले. अंगणात? अंगणात गॅरेजातून काढलेलं सगळं सामान. गाडीत? काय गाडीत? फोन करून सांगावं का की घरात कोणी आजारी आहे? कोण आजारी आहे? मोनालीचं बाळ? बाळाचं नाव घ्यायचं? सरळ सांगावं का, की काका, फरशी वाळली नाही? मग ते म्हणतील काही हरकत नाही, बाबू. तसंच म्हणतील. आणि दुसरीकडे कुठं जातील. आणि पुढच्या वर्षी फोन येणार नाही. बाबांनी इतकी वर्षं उघडं ठेवलेलं दार, गाडी आली त्या वर्षी बंद झालं. गाव हेच म्हणेल. कोणी तोंडावर म्हणणार नाही, पण म्हणेल.

फरशीवर पुठ्ठे टाकले तर?

"पुठ्ठे चिपकतीन," गिरिधर फोनवर म्हणाला, "अन् वासानं माणसं चक्कर येऊन पडतीन. पागल झाले का, भाऊ?"

मेघा शाळेतून आली तेव्हा प्रीतम जिन्यात बसला होता. त्यानं सगळं सांगितलं. ती आधी हसली. चौदा ऑक्टोबर! आणि मग त्याचं तोंड पाहून हसायची थांबली.

"मला वाटलं काकांशी बोलूनच तारीख ठरवली तू."

"आता काय करायचं?"

"घरात झोपतील."

"घरात?"

हा शब्द तोंडातून ज्या तऱ्हेनं निघाला ते त्यालाच ऐकू आलं.

मेघानं पर्स खाली ठेवली. "काहून? घर नाही का हे?"

"तसं नाही. इतकी माणसं. सोफा आहे. वरच्या खोलीत माझं ऑफिसचं टेबल. बाथरूम..."

"बाथरूमचं काय?"

"काही नाही."

"प्रीतम, खाली हॉल आहे, आईंची खोली आहे, वर दोन खोल्या आहेत. आपण तीन माणसं राहतो."

"बाबांनी कधी कोणाला घरात..."

"बाबांकडे घर कुठं होतं? दोन खोल्या होत्या. गॅरेजच घर होतं तेव्हा." ती चपला काढता काढता म्हणाली, भांडायच्या आवाजातही नाही. "मजला तू चढवला."

 त्या संध्याकाळी दोघांनी सोफा भिंतीला सरकवला. टीपॉय वर नेला. ऑफिसच्या टेबलावर चादर टाकली. प्रीतमनं गालिचा गुंडाळला, मग उलगडला, मग वाटलं की लोक म्हणतील आम्ही येणार म्हणून गालिचा उचलला, म्हणून तसाच ठेवला, मग त्यावर काही सांडलं तर त्यांनाच लाज वाटेल म्हणून पुन्हा गुंडाळला. मेघा दारात उभी राहून पाहत होती.

"झालं तुझं?"

"झालं," तो म्हणाला आणि पुन्हा उलगडला.


आई

आई दुसऱ्या दिवशी कळमेश्वरहून आली. रिक्षातून उतरली ती सरळ दोरीपाशी.

"तुले चौदा तारीख कोनं सांगतली?"

"सगळ्यांनी. लहानपणापासून सांगतात."

"अरे, दीक्षा झाली त्या वर्षी दसरा चौदाले होता म्हणून चौदा. दसरा का दरवर्षी कॅलेंडर पाहून येते?"

"तूच म्हटलं ना त्याच्या आत झालं पाहिजे."

"मी दिवसाचं म्हटलं, तारखेचं नाही." आणि मग हळू आवाजात, कारण ती आईच होती, "जाऊ दे. मीही नाही पाह्यलं. नातू पाहत बसली."

तिनं पदर खोचला, हॉल डोळ्यांनी एकदा मोजला आणि माणसं आडवी करायला सुरुवात केली.


दोरी

ते आले तेव्हा प्रीतम वर होता. पाण्याची टाकी भरली का हे तिसऱ्यांदा पाहत होता. फाटकाचा आवाज झाला. खाली एकदम गलका, जय भीम, जय भीम, वळकट्या आपटल्याचा आवाज. तो जिन्यावरून धावला. त्यानं पाहिलं की मंडळी घराच्या दाराकडे वळलीच नव्हती. इतक्या वर्षांची पायांना सवय. सगळे सरळ गॅरेजकडे. देवरावकाका दोरी उचलून वाकले होते आणि त्यांच्या काखेखालून भीमाआजीनं एक पाय आत टाकायला उचलला होता.

"थांबा!" प्रीतम ओरडला. "पाय ठेवू नका आत!"

आवाज घराच्या भिंतीवर आदळून परत आला. रस्त्यावरचा एक सायकलवाला थांबून पाहायला लागला.

भीमाआजीचा पाय हवेतच राहिला. तिनं वळून प्रीतमकडे पाहिलं. बाकीच्यांनीही पाहिलं. सगळे पांढऱ्या कपड्यांत, खांद्यावर ओझी. आपण काय ओरडलो आणि कोणाला, हे प्रीतमच्या आधी त्याच्या कानांना कळलं. कान तापले. त्याला वाटलं, जिन्यावरून परत वर जावं, टाकीमागं जाऊन उभं राहावं, दसरा संपेपर्यंत.

आजीनं पाय मागं घेतला. दगडावर अलगद ठेवला.

"काहून गा?" देवरावकाका दोरी हातात धरून म्हणाले. "कोनाले पुरलं का अंदर?"

एक पोरगी फिसकन हसली. मग दोघं-चौघं हसले. प्रीतम खाली आला, काकांच्या पाया पडला, आजीच्या पडला, आणि सांगू लागला. फरशी, ओल, तारीख, हप्ताभर, वास. तो फार भराभर बोलत होता. तुमच्यासाठीच करून राहिलो होतो, असं म्हणाला. पिवळा उजेड, म्हणाला. पिशव्यांसाठी वर रॅक. बोलता बोलता त्याला दिसलं की आजी ऐकत नाही. ती दोरीवरून वाकून आत पाहत होती.

"मस्त झालं," ती म्हणाली. "चेहरा दिसते."

"मंग आमी कुठी?" काकांनी विचारलं.

"घरात."

काकांनी आजीकडे पाहिलं, आजीनं इंदूबाईकडे. इंदूबाई म्हणाली, "चला वं मावशी, उभ्या काहून राहिल्या? चहा थंडा होऊन राहिला."

मंडळींनी नळावर पाय धुतले. सगळ्यांनी, पोरांनीसुद्धा, दोनदोनदा. आजीनं तळवे पदरानं पुसले. मग एकामागं एक आत आले आणि गालिच्याच्या कडेकडेनं, जिथं गालिचा नव्हता तिथं, टेकले. सोफ्यावर कोणी बसेना. मेघानं म्हटलं, बसा ना वर. काका म्हणाले, बसतो, बसतो, आणि बसले नाहीत.

गॅरेजात हीच माणसं उतरल्याबरोबर गाणी सुरू करायची. आज कोणी गायलं नाही. भाकरी झाल्या, वांग्याची भाजी झाली, जेवणं झाली. सगळे हळू बोलत होते, दवाखान्यात बोलतात तसं. प्रीतम प्रत्येकाला विचारत फिरत होता, पंखा वाढवू का, कमी करू का. शेवटी काका म्हणाले, "बस ना, बाबू. तूच पंख्यासारखा फिरून राहिला."


आराखड्यात नसलेलं

सकाळी स्वयंपाकघरात चहा उकळत होता. मंडळी आंघोळी उरकून निघायच्या तयारीत होती. प्रीतमला एकच वाक्य ऐकायचं होतं, ते त्यानं काढून घ्यायचा प्रयत्न केला.

"झोप लागली ना, काका?"

"खरं सांगू का?" देवरावकाका कपात फुंकर मारत म्हणाले. "नाही गा. रातभर भेव वाटे, हात लागून काही फुटते का. खोकलो तं तुह्या खिडकीच्या काचा वाजल्या. तुह्या बापाच्या गॅरेजात कसं, फैलून झोपो. घोरलं तरी चाले, बिडी पेली तरी चाले. पुढच्या साली आपलं गॅरेजच बरं."

प्रीतमच्या छातीवरचं ओझं उतरू लागलं. म्हणजे त्यांनाच ते आवडत होतं. म्हणजे त्यानं त्यांना बाहेर ठेवलं नव्हतं. म्हणजे

"तुले बरं होते गॅरेज," भीमाआजी काकांना म्हणाली. ती काठी बाजूला ठेवून ओट्याशी भिंतीला टेकून बसली होती, गुडघ्याला तेल लावत. "तू गडीमाणूस. भिंतीआड गेला का झालं तुह्यं."

"आता हे काय मधातच?"

"मधातच नाही. मले तं अंदरच बरं वाटलं. संडास बाजूले." ती प्रीतमशी नाही, इंदूबाईशी बोलत होती, मिठाच्या डब्याबद्दल बोलावं तसं. "ते मागचं संडास किती दूर वं. घराले गोल चक्कर मारून जा. अंधार. भिंतीले हात लावू लावू जाओ मी. मधात ते पायरी. एक साल पडली नव्हती का?"

"कधी पडल्या, मावशी?" इंदूबाईचा हात थांबला.

"पडली होती एकदा. लागलं नाही जास्त. मंग मी आपलं इथं आली का सांजपासून पानीच पेत नव्हती. पानीच नाही पेलं तं उठा कशाले लागते?"

चहा उतू गेला. मेघानं गॅस बंद केला.

"बापा!" काका म्हणाले. "म्हणून बुढी रातभर जीभ चाटत राहे. मले वाटे, तंबाखू संपली."

"चूप रे, लंब्या."

"पण सांगतलं काहून नाही, मावशी? इतके वर्षं?" इंदूबाईच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि तिला रागही आला होता. कोणावर ते कळत नव्हतं.

"सांगाले काय वं, बाई. तुमी एवढं करता. कोन करते एवढं?" आजीनं तेलाची वाटी सरकवली. "अन् दोन रातीचा तं परश्न."

प्रीतमच्या खिशात फोन होता. फोनमध्ये आराखडा होता. उजेड दोन प्रकारचा, बटणावर लाल दिवा, कमरेइतक्या उंचीवर बोर्ड, घसरू नये म्हणून वाळूचा हात. रात्री कोणी उठेल तर त्याला बटण सापडावं, इथपर्यंत त्यानं विचार केला होता. बटण सापडल्यावर ते माणूस कुठं जाईल, तो विचार नव्हता. घरातली बाथरूमं पाहुण्यांना कधी कोणी नाही म्हटलं नव्हतं. कोणी जा, असंही म्हटलं नव्हतं. रात्री आतून कडी लागायची, रोज लागते तशी. ती कडी तोच लावायचा. झोपायच्या आधी लागली का ते पुन्हा एकदा उठून पाहायचा.

त्याला माफी मागायची होती. पण आजी तर तक्रारच करत नव्हती. माफी मागितली असती तर तिलाच त्याची समजूत घालत बसावं लागलं असतं आणि तिला निघायचं होतं.

त्यानं पेला भरला. काठोकाठ.

"आजी, पाणी."

तिनं पेल्याकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं. "आता नको, बाबू. तिकडं रांग राह्यते, त्या रांगेत कुठी जाऊ? संध्याकाळी देजो."

"संध्याकाळी येता ना पण? इथंच येता ना?"

"मंग? वळकटी इथंच तं आहे."

काका बाहेरून ओरडले, "चला वं! ऊन होऊन राहिलं!" मंडळी फाटकाबाहेर पडली. वळणाशी कोणीतरी गाणं उचललं, बाकीच्यांनी धरलं, आणि आवाज गर्दीच्या दिशेनं लांब गेला. मेघा आणि आईही त्यांच्यासोबत निघाल्या. "तू येतो ना?" मेघानं विचारलं. "येतो मागून," तो म्हणाला.

गिरिधरचा फोन आला. रॅक टांगायचे हूक आणायचे का? प्रीतम म्हणाला, थांब. किती थांबू? थांब म्हटलं ना.

तो हॉलमध्ये आला. आजीची वळकटी खिडकीखाली, घडी करून, वर तिची पिशवी. तिथं तो जमिनीवर बसला, मग आडवा झाला. मग डोळे मिटून उठला. उजवा हात भिंतीला लावला आणि चालू लागला. खिडकीची चौकट. पडदा. मग भिंत संपली आणि सोफ्याची कड मांडीत बसली. त्यानं सोफा ढकलला. पुन्हा खिडकीशी गेला, पुन्हा डोळे मिटले. या वेळी सोफा गेला, पण गालिच्याची कड पायात आली. आजी पाय घासत चालते. त्यानं गालिचा गुंडाळून जिन्याखाली टाकला. पुन्हा. भिंत, कोपरा, फ्रिज, फ्रिजची गरम बाजू, दार. बाथरूमचं बटण बाहेर होतं, उंचावर, पंखा आणि गीझरच्या बटणांत तिसरं. आत पाय टाकताना उंबरा लागला. हा उंबरा इथं आहे, हे त्याला इतक्या वर्षांत कळलं नव्हतं.

"काय करून राहिला तू?"

मेघा दारात उभी होती. आजीची काठी राहिली म्हणून ती परत आली होती.

"संध्याकाळ व्हायच्या आत जमलं पाहिजे," तो म्हणाला. त्याचा हात अजून भिंतीवरच होता. "हा उंबरा पाह्य. इथं पडेल ती."

मेघानं स्वयंपाकघरातून काठी आणली.  "तिकडं वळणापुढं सगळे खोळंबले आहेत," ती म्हणाली, पण गेली नाही. काठी तशीच हातात धरून खिडकीपाशी गेली, भिंतीला टेकली आणि म्हणाली, "चल, परत पहिल्यापासून. मी सांगते कुठं अडते ते."

त्यानं डोळे मिटले.